घोडदळाच्या जुन्या ब्रिटिश बंदुका जमवायच्या आहेत? इथून सुरुवात करा

पॅजेट कार्बाइन, म्हणजे घोडदळाची एक आखूड बंदूक, पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मला ती मोडकी वाटली होती. नळी जेमतेम १६ इंचांची, कुणीतरी कापून टाकल्यासारखी. दारू ठासायचा गज नळीच्या तोंडाशी एका जोडाला लटकलेला. डाव्या अंगाला लोखंडी सळई आणि तिच्यावर खुळखुळणारी एक कडी. पायदळाची लांबलचक ब्राउन बेस पाहायची सवय असलेल्या डोळ्याला यातलं काहीच पटत नव्हतं. मग समोरच्या वयस्कर संग्राहकाने मला खुर्चीवर उलटं, पाठीकडे तोंड करून बसवलं, डाव्या मुठीत लगाम म्हणून एक पट्टा दिला आणि म्हणाला, "सोडायचा नाही. आता ठास."

एका मिनिटात सगळं कळलं. लगाम सोडता येत नाही म्हणून नळी आखूड. गज हातातून निसटला तर खाली उतरून शोधता येत नाही म्हणून तो नळीला जोडलेला. आणि बार काढल्यावर तलवार उपसायची तर बंदूक ठेवणार कुठे? ती कडी खांद्यावरच्या रुंद चामडी पट्ट्याच्या आकड्यात अडकवलेली असते, त्यामुळे बंदूक हातातून सोडली तरी स्वाराच्या अंगालाच लटकत राहते.

ब्रिटनमध्ये राहून या छंदाकडे वळलेल्या मराठी मंडळींना मी हेच पहिल्यांदा सांगतो. किमतींच्या याद्या, शिक्क्यांचे तक्ते नंतर. आधी घोड्यावर बसलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. घोडदळाच्या बंदुकीचा प्रत्येक भाग त्याच्या एकेका अडचणीवर काढलेला तोड आहे. तो तोड ओळखता आला की अस्सल काय आणि बनावट काय हेही बरंचसं आपोआप दिसायला लागतं.

पायरी १ : सहा महिने काही विकत घेऊ नका

हे कठीण जातं, पण पाळा. लीड्सचं रॉयल आर्मरीज संग्रहालय १९९६ साली उघडलं, तिथे दोन-तीन वेळा जा. लंडनला गेलात तर चेल्सीमधलं नॅशनल आर्मी म्युझियम आणि हॉर्स गार्ड्समधलं हाउसहोल्ड कॅव्हलरी म्युझियम पाहा. काचेतली वस्तू हात लावायला मिळत नाही, पण अस्सल वस्तूची ठेवण डोळ्यांत बसते.

हात लावायचा तर शस्त्रांच्या जत्रेत, म्हणजे आर्म्स फेअरमध्ये जायचं. बर्मिंगहॅममध्ये अशा जत्रा भरतात. बंदुका बनवणाऱ्या कारागिरांचंच ते शहर, १८१३ सालापासूनचं प्रूफ हाउस, म्हणजे बंदुकांच्या नळ्या तपासून शिक्का मारणारी संस्था, तिथे आजही काम करतं. जत्रेत टेबलावरची वस्तू विचारल्याशिवाय उचलू नका. उचललीत तर नळी कुणाच्या अंगावर रोखू नका आणि घोडा ओढून सोडू नका. (आपल्याकडे बंदुकीच्या या भागालाही घोडाच म्हणतात, म्हणून इथून पुढे जनावर आणि यंत्र यांत गल्लत करू नका.) रिकाम्या लॉकवर (लॉक म्हणजे बार काढणारं बाजूचं यंत्र) घोडा आपटला तर दोनशे वर्षांचं पोलाद तडकू शकतं. तो आवाज झाला की विक्रेता तुम्हाला दुसरी वस्तू दाखवत नाही.

पायरी २ : कायदा

इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये १९६८च्या फायरआर्म्स अ‍ॅक्टमधलं कलम ५८(२) आपल्या कामाचं. पुराणवस्तू ठरणारी बंदूक केवळ संग्रहाची किंवा शोभेची वस्तू म्हणून बाळगली तर तिला परवाना लागत नाही. पुराणवस्तू कशाला म्हणायचं हे २२ मार्च २०२१पासून लागू झालेल्या नियमांत लिहून दिलं आहे : बंदूक १ सप्टेंबर १९३९पूर्वी बनलेली हवी, आणि तिची बार काढण्याची पद्धत किंवा तिचं काडतूस ठरवून दिलेल्या यादीत बसायला हवं. गारगोटीच्या ठिणगीने किंवा तांब्याच्या टोपीने बार काढणाऱ्या जुन्या ठासणीच्या बंदुका यात बसतात. काडतुसाच्या बंदुकांपैकी स्नायडरचं ०.५७७चं आणि मार्टिनी-हेन्रीचं ०.५७७/४५०चं काडतूसही कालबाह्य काडतुसांच्या यादीत आहे.

०.३०३चं काडतूस मात्र त्या यादीत नाही. त्यामुळे १८९४ची ली-मेटफर्ड कार्बाइन सव्वाशे वर्षांहून जुनी असली तरी परवान्याशिवाय घेता येत नाही. नवखे इथेच फसतात, कारण वस्तू दिसायला 'जुनी' असते आणि विकणारा घरगुती माणूस असेल तर त्यालाही ठाऊक नसतं. वेब्लीसारख्या रिव्हॉल्व्हरच्या वाटेला तर सुरुवातीला जाऊच नका. १९९७नंतर तिथले नियम इतके कडक झाले आहेत की एक चूक तुरुंगापर्यंत नेते.

सूट फक्त बाळगण्यासाठी आहे. उडवायची इच्छा झाली की परवाना लागला, आणि काळ्या दारूसाठी वेगळं प्रमाणपत्र लागलं. मी स्वतः एकही उडवत नाही.

गावी न्यायचा विचार मनात येतोच, म्हणून सांगतो. भारतात १९५९चा शस्त्र कायदा आहे. दुरुस्त करूनही उडणार नाही अशा पुरातन शस्त्राला तो सूट देतो, पण तुमची कार्बाइन चालू स्थितीतली असली की ती सूट लागू होत नाही. लेखी परवानगी हातात आल्याशिवाय सामानात काहीही टाकू नका. उलट दिशेनेही तेच : शंभर वर्षांहून जुनी पुराणवस्तू भारतातून बाहेर नेणं १९७२च्या पुरावस्तू कायद्याने खाजगी माणसाला मना आहे. आजोळच्या माळ्यावर काही सापडलं असेल तर ते तिथेच राहू द्या आणि तिथल्या कायद्याने नोंदवा.

पायरी ३ : एकच वाट धरा

शंभर-सव्वाशे वर्षांचा पसारा एकदम जमत नाही. ढोबळ मानाने तीन मुक्काम आहेत.

पहिला गारगोटीचा. १७७०च्या दशकातली एलियट कार्बाइन २८ इंची नळीची. १८०८च्या सुमाराची पॅजेट १६ इंची. तिला ज्यांचं नाव मिळालं ते हेन्री पॅजेट पुढे वॉटर्लूला, १८ जून १८१५ रोजी, पाय गमावून बसले. याच काळातली ९ इंची नळीची लाइट ड्रॅगून (हलक्या घोडदळाची) पिस्तुलं खोगिराच्या पुढच्या बाजूच्या म्यानात असत. हा मुक्काम सगळ्यात देखणा, सगळ्यात महाग आणि सगळ्यात जास्त बनवाबनवीचा.

दुसरा टोपीचा. गारगोटी आणि रंजक (वाटीतली पेटवायची दारू) जाऊन तांब्याची टोपी आली. १८४०च्या आसपासची, जॉर्ज लव्हेल यांनी घडवलेली व्हिक्टोरिया कार्बाइन ही क्रिमियन युद्धातल्या ब्रिटिश घोडदळाची बंदूक. मग १८५६ची ०.५७७ इंच व्यासाची, २१ इंची आटेदार (आतून पीळदार खाचांच्या) नळीची कार्बाइन. अमेरिकेतून १८५५ साली ६,००० शार्प्स कार्बाइन मागवल्या गेल्या, त्या पुढे हिंदुस्थानात वापरात आल्या. शेवटी वेस्टली रिचर्ड्सची 'मंकी टेल' : मागच्या बाजूने भरायची, वरची लांब पट्टी माकडाच्या शेपटीसारखी उचलायची.

तिसरा मुक्काम काडतुसाचा. १८६०च्या दशकाच्या अखेरची स्नायडर कार्बाइन आणि १८७७ची मार्टिनी-हेन्री कार्बाइन.

नवख्याला मी स्नायडर कार्बाइनपासून सुरुवात करायला सांगतो. ती अजून पुष्कळ मिळते, गारगोटीच्या मानाने स्वस्त पडते, शिक्के वाचायला सोपे असतात, आणि चुकलात तरी चूक परवडते. घोडा मागे ओढून नळीमागचा ठोकळा उजवीकडे उघडला की काडतुसाचं घर दिसतं, सगळी रचना एका नजरेत कळते. पॅजेटचा मोह मला कळतो. तरी ती तिसरी किंवा चौथी खरेदी असू द्या.

पायरी ४ : आधी भरलेली नाही ना, ते पाहा

ठासणीची बंदूक शतकभर माळ्यावर पडून राहिली तरी तिच्यातला बार तसाच असू शकतो. हे खरंच घडतं. लाकडाची सरळ काठी घ्या, नळीत तळापर्यंत अलगद सोडा, नळीच्या तोंडाशी पेन्सिलीची खूण करा. काठी बाहेर काढून नळीच्या बाहेरून तशीच धरा, खूण तोंडाशी जुळवून. काठीचं टोक गारगोटीच्या बंदुकीत रंजकाच्या भोकापाशी, टोपीच्या बंदुकीत टोपी बसते त्या निपलच्या मुळाशी पोचलं पाहिजे. दोन बोटं अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे. तिथून पुढे आपण हात लावायचा नाही, उकरायचं नाही. जाणकार गनस्मिथकडे द्यायचं. नळीच्या तोंडाला तोंड लावून फुंकून पाहणारे लोक मी पाहिलेत. तसं कधीही करू नका.

पायरी ५ : हातात घेऊन वाचणं

इथे घाई नको, बाकी सगळं यावर उभं आहे.

पॅजेटच्या डाव्या अंगाची सळई बोटाने चाचपा. कडी वर्षानुवर्षं स्वाराच्या मांडीपाशी हिंदकळत राहिली, त्यामुळे ती ज्या जागी जास्त वेळ टेकायची तिथे सळई किंचित झिजलेली असते, अंगठ्याला गुळगुळीत खळगा लागतो. त्याच जागेखालच्या अक्रोडाच्या लाकडावर कडीच्या ठोक्यांची चंद्रकोरीसारखी उथळ खूण दिसते. सळई सगळीकडे सारखीच खडबडीत आणि खालचं लाकूड कोरं असेल तर सळई नंतर बसवलेली आहे. गजाचा जोडही तसाच पाहा. तो फिरवताना गज नळीच्या तोंडाला घासतो, म्हणून अस्सल वस्तूवर तोंडाच्या कडेला कमानीसारखे ओरखडे असतात.

बनवाबनवी कुठे होते ते माझ्याच अनुभवावरून सांगतो. माझी पहिली पॅजेट मी एका जत्रेत, संध्याकाळी दिवे मंद झाल्यावर घेतली. विक्रेत्याने 'मूळ गारगोटीची' म्हणून दिली आणि मी लॉक उघडून पाहायचा आग्रह धरला नाही. घरी आल्यावर लॉक काढून पट्टी उलटी केली. आतल्या बाजूला दोन वाटोळे ठिपके होते, भोवतालच्या पोलादापेक्षा जरा उजळ. जुनी स्क्रूची भोकं बुजवल्याच्या त्या खुणा. रंजकाच्या वाटीच्या मुळाशी केसाएवढी जोडाची रेघ. म्हणजे १८४०च्या काळात ती टोपीवर बदलली होती, आणि आपल्या काळात कुणीतरी किमतीसाठी परत गारगोटीची केली होती. बदललेली बंदूक वाईट नसते. टोपीवर आणलेली बंदूक हाही इतिहासच आहे. पण ती तशी सांगून, तशा किमतीला विकली पाहिजे. त्या दिवसापासून लॉक उघडून दाखवत नसेल तर मी घेत नाही.

लॉक उघडलंत की आणखी एक पाहा. जुने कारागीर एकाच लॉकच्या सुट्या भागांवर आणि स्क्रूंवर कानशीने सारख्या खुणा करत, एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा, म्हणजे भाग एकमेकांत मिसळू नयेत. सगळीकडे दोन रेघा आणि घोड्याच्या स्क्रूवर तीन, असं दिसलं तर विचारा.

मार्टिनी-हेन्रीत गल्लत वेगळ्या जातीची. कार्बाइन दोन प्रकारच्या : तोफखान्याची आणि घोडदळाची. घोडदळाची कार्बाइन खोगिराला बांधलेल्या चामड्याच्या खोळीत सारखी आत-बाहेर होते, म्हणून तिच्यावर काही अडकेल असं ठेवलेलंच नाही. खांद्याच्या पट्ट्याच्या कड्या नाहीत, संगीन लावायची सोय नाही, नेम धरायच्या पुढच्या माशीला दोन्ही बाजूंनी कान आहेत. शिक्का 'आय. सी. १' असा असतो. तोफखान्याच्या 'ए. सी. १'ला कड्याही असतात आणि संगिनीची सोयही. तिच्या कड्या काढून, भोकं बुजवून 'घोडदळाची' म्हणून खपवलेली वस्तू मी दोनदा पाहिली आहे.

आणि खैबरच्या नकला. आजच्या पाकिस्तानातल्या, पेशावरजवळच्या दर्रा आदमखेलच्या कारागिरांनी मार्टिनी हुबेहूब उतरवल्या, शिक्क्यांसकट. अलीकडच्या अफगाण युद्धातून सैनिकांनी अशा पुष्कळ घरी आणल्या. ओळखायचं कसं? लॉकच्या बाजूला मुकुटाखाली व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरं आणि साल १९०७, तर राणी २२ जानेवारी १९०१लाच वारलेली. 'एनफिल्ड' या सरकारी कारखान्याच्या नावातलं इंग्रजी एन अक्षर आरशातल्यासारखं उलटं. अक्षरं एका ठोक्यात न उमटता छिन्नीने एकेक रेघ कोरलेली. त्या नकलांना स्वतःचं मोल आहे, त्या कारागिरांच्या हाताला मी मानतो. फक्त ब्रिटिश म्हणून घेऊ नका.

पायरी ६ : शिक्के

लॉकवर मुकुट आणि जॉर्ज राजांची 'जी. आर.' किंवा व्हिक्टोरियाची 'व्ही. आर.' अक्षरं, शेजारी 'टॉवर' (म्हणजे टॉवर ऑफ लंडन) किंवा 'एनफिल्ड'. १७६४नंतर लॉकवर कारागिराचं नाव आणि साल घालणं बंद होऊन 'टॉवर' आलं, त्यामुळे जॉर्ज तिसऱ्याच्या काळातल्या सैनिकी लॉकवर साल नसणं हीच नेहमीची गोष्ट आहे. बाणाच्या टोकासारखा रुंद बाण म्हणजे सरकारी मालमत्ता. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर सरकारने वस्तू विकून टाकली.

दस्त्याच्या पितळी टाचेवर आणि तिच्या वरच्या जिभेवर पलटणीची खूण असते. 'डी. जी.' म्हणजे ड्रॅगून गार्ड्स, 'एच' म्हणजे हुसार्स, 'एल' म्हणजे लान्सर्स, आणि आधीचा आकडा पलटणीचा. अशी खूण वस्तूची किंमत चढवते, म्हणून नवी ठोकलेलीही सापडते. जुन्या खुणेच्या तळाशी आजूबाजूच्या पितळेसारखाच मळ बसलेला असतो.

ईस्ट इंडिया कंपनीची वस्तू असेल तर लॉकवर उभा राहिलेला सिंह दिसेल. तो साधारण १८०८पासून आला. त्याआधी कंपनीची हृदयाच्या आकाराची खूण होती. हे लक्षात ठेवायचं कारण आपल्याला खास लागू आहे. मराठी नाव ऐकलं की काही विक्रेते असईची गोष्ट काढतात : आपल्या जालना जिल्ह्यातल्या त्या गावापाशी २३ सप्टेंबर १८०३ला १९व्या लाइट ड्रॅगून्सनी केलेला हल्ला, आणि ही त्याच हल्ल्यातली कार्बाइन. तिच्यावर उभा सिंह असेल तर ती असईला असणं शक्य नाही. कागदपत्र नसेल तर गोष्टीचे पैसे देऊ नका. ती गोष्ट आपल्या काळजाला भिडते, म्हणूनच सांगितली जाते.

हिंदुस्थानाशी खरं नातं सांगणाऱ्या खुणाही आहेत. रुंद बाणाखाली इंग्रजी 'आय' अक्षर म्हणजे हिंदुस्थानातली सेवा. १८५७नंतर देशी पलटणींना मुद्दाम कमी पल्ल्याच्या, बिनआट्यांच्या नळीच्या बंदुका दिल्या गेल्या. त्यामुळे आटेदार असायला हवी ती कार्बाइन आतून गुळगुळीत निघाली तर लगेच 'खराब' म्हणून बाजूला ठेवू नका. ती एखाद्या देशी रिसाल्यातल्या स्वाराची असू शकते. त्या रिसाल्यांत शिलेदारी पद्धत होती, स्वार घोडा आणि खोगीर स्वतःचं आणायचा. शब्द आणि पद्धत दोन्ही आपल्याकडून गेलेली. पूना हॉर्स ही १८१७ची पलटण त्यातलीच. माझ्या संग्रहात मला सगळ्यात जवळची वस्तू अशी एक गुळगुळीत नळीची कार्बाइन आहे. बाजारात तिला फार भाव नाही.

पायरी ७ : पैसे देताना

लिलावात हातोडा पडला त्या किमतीवर खरेदीदाराचं कमिशन आणि त्यावर कर लागतो, मिळून चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त. आपली मर्यादा ठरवताना तो धरूनच ठरवा. लिलावाआधी वस्तू पाहायला मिळते, तो दिवस चुकवू नका. दुकानदाराकडून घेतलीत तर पावतीवर वस्तूचा प्रकार, अंदाजे काळ आणि 'मूळ' की 'बदललेली' हे लिहून घ्या. लिहून देणारा दुकानदार थोडा महाग पडला तरी त्याच्याकडूनच घ्या.

पायरी ८ : घरी आणल्यावर

पहिली आठवण ठेवायची ती ही : चमकवू नका. सॅंडपेपर, तारेचा ब्रश, पितळेचं पॉलिश, काहीही नाही. दोनशे वर्षांत लोखंडावर चढलेला तपकिरी रंग एकदा घासून काढला की परत येत नाही, आणि वस्तूचं निम्मं मोल त्याच्याबरोबर जातं. गंज जिवंत असेल, म्हणजे बोटाला लाल भुकटी लागत असेल, तर अगदी बारीक स्टील वूल हलक्या तेलात भिजवून तेवढ्याच जागी हळू फिरवा. मग सुक्या मऊ कापडाने पुसून रेनेसान्स वॅक्सचा पातळ हात द्या. ब्रिटिश म्युझियममध्ये वापरासाठी तयार झालेलं हे मेण धातूला आणि लाकडाला दोन्हीला चालतं.

स्क्रू उघडायचे तर खाचेत नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हर वापरा. साध्या स्क्रूड्रायव्हरने खाच कुरतडली जाते आणि ती दुखापत पुढच्या प्रत्येक खरेदीदाराला दिसते. बंदुकीला हात लावताना हातमोजे घाला, घामातलं मीठ एका रात्रीत बोटांचे ठसे गंजवून ठेवतं.

हीटरच्या वर, चुलीशेजारी किंवा बाहेरच्या ओल्या भिंतीवर टांगू नका. इथल्या हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेने दस्त्याचं लाकूड आकसतं आणि लॉकभोवती चिरा पडतात. आतल्या भिंतीवर, दोन ठिकाणी आधार देऊन, आधाराला मऊ चामडं किंवा नमदा लावून ठेवा. घोडा नेहमी अलगद खाली उतरवलेला, स्प्रिंगवर ताण नको.

एक जाड वही करा. प्रत्येक वस्तूला दोन पानं : कुठून, कधी, कितीला, नळीची लांबी आणि व्यास, सगळे शिक्के. शिक्क्याचा फोटो नीट येत नाही, म्हणून त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा, ठसा उमटतो. पावती त्याच पानाला जोडा आणि विमा कंपनीला त्या पानांच्या प्रती द्या. लॉक उघडल्यावर आत जे दिसलं तेही लिहा, बुजवलेली भोकं असतील तर त्यांच्यासकट. पुढे तुमच्याकडून ती घेणारा माणूस तीच दोन पानं आधी मागेल.